जुनी गाणी, घरची नभोवाणी

रेडिओ केंद्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गावाबाहेरचा उंच मनोरा, जाड भिंतींचा स्टुडिओ आणि सरकारी परवाना या गोष्टी उभ्या राहतात. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मात्र यांपैकी काहीही नसलेली हजारो केंद्रे जगभर निघाली आहेत. खोलीच्या कोपऱ्यात एक संगणक, शेजारी जुन्या तबकड्या वाजवणारे यंत्र आणि इंटरनेटची जोडणी, एवढ्या सामग्रीवर एखादा निवृत्त गृहस्थ किंवा महाविद्यालयीन विद्यार्थी चोवीस तास गाणी ऐकवत असतो. यांतल्या पुष्कळ केंद्रांवर वाजते ते जुने संगीत. दुकानांतून नाहीसे झालेले, मोठ्या केंद्रांना नकोसे झालेले, पण कोणाच्या तरी कपाटात जपून ठेवलेले.

या घरगुती नभोवाणीची ओळख शिक्षकांना करून द्यावीशी वाटते, याचे कारण तिच्या मागच्या विज्ञानात आहे. ध्वनीचे भौतिकशास्त्र, आकड्यांचे गणित, कानाची आणि मेंदूची रचना, आणि शेवटी नागरिकशास्त्रातला कायदा, हे सारे विषय या एका खटाटोपात एकत्र येतात.

हवेतला रेडिओ आणि तारेतला रेडिओ

प्रथम एक मूलभूत फरक समजून घेऊ. १९५२ च्या सुमारास आकाशवाणीने चित्रपटगीते जवळजवळ बंद केली, तेव्हा भारतीय श्रोते कोलंबोहून येणाऱ्या रेडिओ सिलोनकडे वळले. अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' त्याच वर्षी डिसेंबरात सुरू झाली. कोलंबोच्या लघुलहरी आकाशात वर जाऊन आयनांबरावरून परावर्तित होत आणि हजारो किलोमीटर दूर उतरत. पुढे ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने विविध भारती सुरू केली, तिच्यामागे हीच स्पर्धा होती.

आता असा विचार करा. गीतमाला एक माणूस ऐकत असो किंवा एक कोटी माणसे, प्रक्षेपकाला लागणारी वीज तेवढीच. लहरी एकदा आकाशात सोडल्या की आणखी एका घरात रेडिओ लावल्याने केंद्राचा खर्च एक पैशानेही वाढत नाही. दिवाळीत अंगणात आकाशकंदील लावला तर तो किती जणांनी पाहिला याचा आपल्या वीजबिलाशी संबंध नसतो, तसेच हे आहे.

इंटरनेटवरच्या रेडिओचे तसे नाही. तिथे प्रत्येक श्रोता केंद्राकडे स्वतंत्र मागणी नोंदवतो आणि प्रत्येकासाठी गाण्याची स्वतंत्र प्रत पाठवावी लागते. म्हणजे हे कंदिलासारखे नसून टपालासारखे आहे. शंभर श्रोते म्हणजे शंभर पाकिटे, आणि शंभर पाकिटांची तिकिटे. एकच प्रत पाठवायची आणि वाटेत गरज पडेल तिथे तिच्या प्रती काढायच्या, अशी पद्धतही शोधून काढली गेली होती. २४ जून १९९३ रोजी कॅलिफोर्नियातील संगणक-संशोधकांच्या 'सीव्हिअर टायर डॅमेज' या वाद्यवृंदाने आपला कार्यक्रम याच पद्धतीने इंटरनेटवरून ऐकवला होता. परंतु सार्वजनिक इंटरनेटवर ती पद्धत सर्वत्र रुजली नाही. ७ नोव्हेंबर १९९४ रोजी उत्तर कॅरोलिना विद्यापीठातील विद्यार्थ्यांचे डब्ल्यूएक्सवायसी हे केंद्र इंटरनेटवर आले. नेहमीचे नभोवाणी केंद्र इंटरनेटवर येण्याच्या अगदी पहिल्या घटनांपैकी ही एक होय. १९९९ पासून 'आइसकास्ट' हे विनामूल्य सॉफ्टवेअर मिळू लागले आणि साध्या माणसालाही आपले केंद्र काढणे शक्य झाले.

तबकडीपासून आकड्यांपर्यंत

आपल्या केंद्रावर जुनी गाणी वाजवायची तर आधी ती संगणकात आणली पाहिजेत. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या असत. लाखेचे किडे पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर वाढतात. त्यांच्यापासून मिळणारी लाख, खनिज पूड आणि काजळी यांच्या मिश्रणातून तबकडी दाबून काढली जाई. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. तासभर ख्याल गाणाऱ्या गवयांना आपली कला या तीन मिनिटांत बसवावी लागली. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांची गाणी मुद्रित झाली, तेव्हापासूनचा हा इतिहास आहे.

लाखेची तबकडी हाताळताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, ती स्पिरिटने कधीही पुसू नये. लाख मद्यार्कात विरघळते. सुताराचे पॉलिश लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच बनते, हे मुलांना ठाऊक असते. सौम्य साबणाचे थोडे पाणी, मऊ फडके आणि लेबल कोरडे ठेवण्याची काळजी एवढे पुरते. दोन, एलपीची सुई येथे चालत नाही. ७८ च्या तबकडीचा चर साधारण तिप्पट रुंद असतो. बारीक सुई त्याच्या तळातल्या धुळीत घासत जाते आणि गाण्यापेक्षा खरखरच अधिक ऐकू येते. तीन, तबकडीचा वेग.

वेगाची बाब जरा सविस्तर पाहण्यासारखी आहे. तबकडीवर '७८' छापलेले असले तरी १९२५ च्या आधीच्या अनेक तबकड्या वेगवेगळ्या वेगांनी मुद्रित केलेल्या आहेत. समजा, एखादी तबकडी मिनिटाला ७४ फेऱ्यांच्या वेगाने मुद्रित झाली आणि आपण ती ७८ ने वाजवली. मग प्रत्येक स्वराची कंप्रता ७८ भागिले ७४, म्हणजे १.०५४ पट होईल. पेटीवरच्या लागोपाठच्या दोन पट्ट्यांतले गुणोत्तर १.०५९ आहे. याचा अर्थ गायक काळी एकमध्ये गायला असेल तर आपल्याला तो जवळजवळ पांढरी दोनमध्ये ऐकू येईल, आवाज किंचित बारीक होईल आणि लय चढेल. असे मुद्रण पुढे शंभर ठिकाणी गेले की लोक तोच त्या गायकाचा खरा आवाज समजू लागतात. म्हणून गायकाची पट्टी ठाऊक असलेला जुना श्रोता किंवा पेटीवादक शेजारी बसवून वेग ठरवणे हे महागड्या यंत्राइतकेच महत्त्वाचे आहे.

यंत्राचा वेग तपासण्याची युक्ती सोपी आहे. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने त्या विजेवर लुकलुकणारा दिवा सेकंदाला १०० वेळा, म्हणजे मिनिटाला ६,००० वेळा उजळतो. पुठ्ठ्याच्या चकतीवर समान अंतराने ७७ काळ्या पट्ट्या काढून ती फिरत्या तबकडीवर ठेवली, तर मिनिटाला ६,००० भागिले ७७, म्हणजे ७७.९२ फेऱ्या होत असताना त्या पट्ट्या जागच्या जागी स्थिर दिसतात. वेग कमी असेल तर त्या मागे सरकताना दिसतात, जास्त असेल तर पुढे. काही दिवे मुळीच लुकलुकत नाहीत. त्यांच्या उजेडात हा प्रयोग साधत नाही.

सुईच्या कंपनांचे रूपांतर विजेच्या कमीजास्त होणाऱ्या दाबात होते. संगणक या दाबाचे ठरावीक काळाने मोजमाप करतो. त्याला नमुने घेणे म्हणतात. सेकंदाला किती नमुने घ्यावेत? नियम असा आहे की ज्या सर्वांत उंच स्वराची नोंद करायची, त्याच्या कंप्रतेच्या दुपटीहून अधिक नमुने हवेत. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, म्हणून सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने ठरले. प्रत्येक नमुना १६ बिटांत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांच्या मोजपट्टीवर मोजला जातो. डाव्या-उजव्या कानाचे दोन मार्ग धरले की हिशेब असा होतो :

४४,१०० × १६ × २ = सेकंदाला १४,११,२०० बिट

आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे एका तासाच्या संगीताला सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते. घरात जपून ठेवण्याची प्रत अशीच पूर्ण असावी, तिच्यात काटछाट करू नये. तबकडी उद्या फुटली तर मागे राहणार ती हीच प्रत. प्रसारणासाठी मात्र इतके आकडे प्रत्येक श्रोत्याला पाठवणे परवडत नाही.

कानाला फसवणारी काटछाट

येथे कानाचा एक गुणधर्म मदतीला येतो. ढोलताशांच्या गजरात शेजाऱ्याचे कुजबुजणे ऐकू येत नाही. एखादा मोठा स्वर वाजत असताना त्याच्या जवळपासच्या कंप्रतेचा क्षीण स्वर कानात पोचतो खरा, पण मेंदूला जाणवत नाही. जे जाणवणारच नाही त्याची नोंद तरी कशाला ठेवायची? या विचारावर एमपी-३ ही पद्धत उभी आहे. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेतील संशोधकांचा तिच्या घडणीत मोठा वाटा आहे. ती गाण्याचे लहान लहान तुकडे करते, प्रत्येक तुकड्यात कोणते स्वर झाकले जातील याचा अंदाज घेते आणि त्यांच्यावर कमी बिट खर्च करते. १२८ किलोबिटांच्या एमपी-३ मध्ये एका तासाला ५७.६ मेगाबाइट पुरतात, म्हणजे मूळच्या अकराव्या भागाइतके. जुन्या तबकडीवर आवाजाचा एकच मार्ग असतो, तेव्हा ६४ किलोबिटांत, तासाला २८.८ मेगाबाइटमध्ये काम भागते. अमेरिकेतील एमपी-३ ची एकस्वे २०१७ पर्यंत संपली. २०१२ साली मानक झालेली 'ओपस' ही पद्धत तर तितक्याच बिटांत अधिक चांगला आवाज देते.

जुन्या संगीताच्या बाबतीत येथे एक गंमत आहे. तबकडीची खरखर आपल्याला निरुपयोगी वाटते, पण आकड्यांच्या दृष्टीने तीच सर्वांत महाग असते. तंबोऱ्याच्या स्वरात पुनरावृत्ती असते, त्यामुळे पुढे काय येणार याचा अंदाज बांधता येतो आणि थोडक्यात नोंद होते. खरखरीत कोणताही क्रम नसतो. पुढचा आकडा आधीच्यावरून ओळखता येत नाही, म्हणून तिचे संक्षेपण होत नाही. उपलब्ध बिटांतला बराच भाग खरखर खाऊन टाकते आणि गायकाच्या वाट्याला थोडे उरतात. म्हणून काटछाट करण्यापूर्वी तबकडी स्वच्छ धुणे आणि संगणकावर मोठे टकटक आवाज काढून टाकणे हिताचे ठरते. पण सफाईही बेताने करावी. खरखर पार नाहीशी करण्याच्या नादात आवाजातली धार, सारंगीची घासणी आणि 'स', 'श' ही व्यंजनेही पुसली जातात. कारण उंच कंप्रतेच्या पट्ट्यात ती खरखरीच्या शेजारीच राहतात.

गच्चीवरची टाकी

आता गाणे श्रोत्याकडे कसे जाते ते पाहू. आकड्यांचा प्रवाह सलग जात नाही. त्याची सुमारे दीड हजार बाइटांची पुडकी बांधली जातात. ६४ किलोबिट म्हणजे सेकंदाला ८,००० बाइट; तेव्हा सेकंदाला पाच-सहा पुडकी निघतात. वाटेत काही रेंगाळतात, काही हरवतात आणि पुन्हा मागवावी लागतात. मग गाणे तुटक ऐकू यायला हवे. तसे होत नाही, ते का?

याचे उत्तर आपल्या घरांच्या गच्च्यांवर आहे. नगरपालिकेचे पाणी कधी जोरात, कधी धिमे येते, तरी नळाची धार सारखी राहते, कारण मध्ये टाकी असते. श्रोत्याच्या यंत्रातही अशीच आकड्यांची टाकी असते. तिला बफर म्हणतात. आधी टाकीत काही सेकंदांचा साठा होतो आणि मगच गाणे सुरू होते. तीस सेकंदांच्या साठ्याला २,४०,००० बाइट, म्हणजे पाव मेगाबाइटहूनही कमी जागा पुरते. वाटेतला खोळंबा तीस सेकंदांपेक्षा कमी असेल तर श्रोत्याला तो कळतही नाही.

या सोयीची किंमत वेळेत मोजावी लागते. टाकीतले पाणी ताजे नसते, तसे इंटरनेटवरचे गाणे काही सेकंद शिळे असते. म्हणून इंटरनेटवरच्या रेडिओवरून घड्याळ लावू नये. आकाशवाणीची अनेक केंद्रे आता इंटरनेटवरही ऐकता येतात. एकच केंद्र साध्या रेडिओवर आणि मोबाइलवर एकाच वेळी लावून दोहोंतले अंतर स्टॉपवॉचने मोजणे हा वर्गात सहज करण्यासारखा प्रयोग आहे. दोन विद्यार्थ्यांच्या मोबाइलवरचे अंतरही सारखे येत नाही. ते का, याचा विचार मुलांनाच करू द्यावा.

किती श्रोते परवडतात?

घरच्या केंद्राचे यंत्र अगदी लहान असते. तळहाताएवढा रास्पबेरी पाय हा संगणक २०१२ पासून मिळतो. तो आणि त्याची जोडसामग्री मिळून पाच वॉट वीज खातात असे धरले, तर महिनाभर अखंड चालूनही ३.६ युनिट होतात. वीज हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो टपालाच्या तिकिटांचा.

एक श्रोता ६४ किलोबिटांचे केंद्र महिनाभर अखंड ऐकत राहिला तर सुमारे २०.७ गिगाबाइट आकडे पाठवावे लागतात. एका वेळी सरासरी शंभर श्रोते असतील तर महिन्याला दोन हजार गिगाबाइटहून अधिक, आणि आपल्या घरातून बाहेर जाणारा वेग सतत ६.४ मेगाबिट हवा. पुष्कळ घरगुती जोडण्यांत बाहेर पाठवण्याचा वेग आत येण्याच्या वेगापेक्षा कमी असतो. शिवाय अनेक इंटरनेट कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात, त्यामुळे बाहेरच्या श्रोत्याला आपल्या घरातला संगणक सापडतच नाही.

यावर प्रचलित तोडगा असा की घरातून एकच प्रवाह दूरच्या भाड्याच्या सर्व्हरकडे पाठवायचा आणि प्रती काढून वाटण्याचे काम त्या सर्व्हरवरच्या आइसकास्टला सोपवायचे. घरची विहीर एक, पण वाटप गावच्या टाकीवरून. पुढचे गाणे निवडण्याचे काम 'लिक्विडसोप'सारखे विनामूल्य सॉफ्टवेअर करते. एकाच गायकाची गाणी लागोपाठ नकोत, सकाळी भूपाळी आणि रात्री शांत चालींची गाणी हवीत, असे नियम त्याला सांगून ठेवता येतात. चालवणारा झोपला तरी केंद्र जागे राहते.

गाणे कोणाचे?

तंत्राचे प्रश्न असे सुटतात. खरी अडचण पुढे आहे. अमेरिकेतील 'लाइव्ह ३६५' या सेवेच्या आधाराने असंख्य हौशी केंद्रे चालत. २०१५ अखेर लहान केंद्रांसाठीची सवलतीच्या स्वामित्वशुल्काची व्यवस्था संपली आणि ३१ जानेवारी २०१६ रोजी ती सेवा बंद पडली. २०१७ साली ती नव्या मालकीखाली पुन्हा उभी राहिली, परंतु मधल्या काळात अनेक केंद्रे कायमची मिटली. यंत्रे चालू होती, श्रोतेही होते. नव्हता तो परवाना.

आपल्याकडे १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा लागू आहे. जुने गाणे 'कोणाचेच नसते' असे अनेकांना वाटते, पण एका तबकडीला निदान तीन कुलुपे असतात. पहिले ध्वनिमुद्रणाचे : प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे. दुसरे शब्दांचे : गीतकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे. तिसरे चालीचे : संगीतकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे. याशिवाय गायकाचा हक्क आहे, त्याची मुदत पन्नास वर्षांची.

दोन उदाहरणे घेऊ. 'स्वयंवर' नाटकातले एखादे पद, बालगंधर्वांनी गायिलेले, तबकडी १९६० पूर्वीची. नाटककार कृ. प्र. खाडिलकर १९४८ साली गेले, म्हणून शब्द २००८ अखेर मुक्त झाले. चाल भास्करबुवा बखले यांची असेल तर त्यांचे निधन १९२२ चे. ती त्याआधीच मुक्त आहे. मुद्रणाची साठ वर्षेही उलटली. तिन्ही कुलुपे उघडी. ही तबकडी आपल्या केंद्रावर भारतात निर्धास्त वाजवता येईल.

आता १९६० च्या 'जगाच्या पाठीवर' या चित्रपटातल्या गाण्याची त्याच वर्षी निघालेली तबकडी घेऊ. मुद्रणाची मुदत २०२० अखेर संपली. परंतु गीतकार ग. दि. माडगूळकर १९७७ साली आणि संगीतकार सुधीर फडके २००२ साली गेले. म्हणून शब्दांचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आणि चालीचा २०६२ अखेरपर्यंत राहील. एक कुलूप उघडले म्हणून दार उघडत नाही. असे गाणे वाजवायचे तर गीतकार-संगीतकारांच्या 'आयपीआरएस' या संस्थेकडून, आणि मुद्रणाची मुदत संपली नसेल तर ध्वनिमुद्रण कंपनीकडूनही, परवाना घ्यायला हवा. नभोवाणी केंद्रांना ठरलेले शुल्क भरून गाणी वाजवता यावीत यासाठी २०१२ साली कायद्यात ३१-ड हे कलम आले. ते इंटरनेटवरून गाणी पुरवणाऱ्या सेवेला लागू होत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली दिला आणि २०२२ साली खंडपीठाने तो कायम केला.

आणखी एक गुंता असा की इंटरनेटला सीमा नाही, कायद्याला मात्र आहे. भारतात मुक्त झालेले १९५० चे ध्वनिमुद्रण अमेरिकेत २०१८ च्या कायद्यानुसार २०६० अखेरपर्यंत संरक्षित राहते. तेथे १९२३ पूर्वीची ध्वनिमुद्रणे १ जानेवारी २०२२ रोजी खुली झाली. तसेच एखाद्या कंपनीने अलीकडे सफाई करून काढलेल्या आवृत्तीवर ती कंपनी वेगळा हक्क सांगू शकते. म्हणून मूळ तबकडीवरूनच प्रत काढावी. आणि हे सारे टाळण्यासाठी कोणी घरच्या घरी प्रक्षेपक जोडून हवेतच लहरी सोडायच्या म्हणेल, तर परवान्याशिवाय तसे करणे गुन्हा आहे.

जुनेच का हवेसे वाटते?

आपल्या आयुष्यातल्या आठवणी सर्व वयांत सारख्या विखुरलेल्या नसतात. प्रौढांना आठवणी सांगायला लावल्या तर साधारण दहा ते तीस या वयांतल्या घटना प्रमाणाबाहेर अधिक येतात, असे मानसशास्त्रज्ञांना वारंवार आढळले आहे. आलेखावर तेथे उंचवटा दिसतो. त्या वयात ऐकलेली गाणी त्या आठवणींना चिकटून येतात. कॅरल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विशीतल्या विद्यार्थ्यांना १९५५ पासूनची लोकप्रिय गाणी ऐकवली. त्यांच्या स्वतःच्या काळातली गाणी त्यांना जवळची वाटली यात नवल नाही. पण आईवडिलांच्या तरुणपणच्या गाण्यांपाशीही आलेखात उंचवटा दिसला, आणि त्याही मागच्या, १९६० च्या दशकातल्या गाण्यांपाशी आणखी एक. घरात वाजत राहिलेली गाणी पुढच्या पिढीच्या स्मृतीतही घर करतात.

यात आवाजाच्या पोताचाही भाग आहे. मध्यमलहरींवर दोन केंद्रांमधले अंतर ९ किलोहर्ट्झ असते, त्यामुळे ४.५ किलोहर्ट्झपलीकडचे स्वर श्रोत्यापर्यंत फारसे पोचतच नसत. ज्यांनी एखादे गाणे अशा रेडिओवर शेकडो वेळा ऐकले, त्यांना त्याची झगझगीत स्वच्छ आवृत्ती ऐकून 'हे आमचे गाणे नव्हे' असे वाटते. त्यांच्या आठवणीत गाण्याबरोबर रेडिओची गाळणीही मुद्रित झालेली असते.

शाळेत काय करता येईल?

शाळेपुरती नभोवाणी उभारायला इंटरनेटचीही गरज नाही. शाळेतला एखादा जुना संगणक, त्यावर आइसकास्ट आणि वर्गांना जोडणारे जाळे एवढे पुरते. कायद्याचे ५२ वे कलम शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात ध्वनिमुद्रण ऐकवायला मुभा देते. अट अशी की श्रोते संस्थेचे शिक्षक, कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि उपक्रमाशी संबंधित माणसे एवढेच असावेत. म्हणजे प्रवाह शाळेच्या भिंतीबाहेर जाऊ देऊ नये.

खरखरीचा प्रयोग तर संगणकावर पाच मिनिटांत होतो. 'ऑडॅसिटी' या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये एक मिनिटाचा शुद्ध स्वर आणि एक मिनिटाची पांढरी खरखर तयार करावी. दोन्ही 'फ्लॅक' या काहीही न गमावणाऱ्या पद्धतीने साठवाव्यात आणि फाइलींचे आकार ताडून पाहावेत. स्वराची फाइल लहान होते, खरखरीची जवळजवळ मूळ आकाराचीच राहते. वेग आणि पट्टी यांचा संबंधही याच सॉफ्टवेअरमध्ये गाण्याचा वेग सहा टक्क्यांनी बदलून आणि शेजारी पेटी ठेवून दाखवता येतो.

तरीही सर्वांत निकडीचे काम यांत्रिक नाही. लाखेची तबकडी हातातून पडली की तिचे तुकडे होतात, आणि ती पडली नाही तरी ती ओळखणारी माणसे थकत चालली आहेत. मुलांनी गावात फिरून अशा तबकड्या, कॅसेटी आणि त्या ऐकलेली माणसे यांची यादी करावी. प्रत्येक तबकडीसाठी वहीत एक पान ठेवावे : लेबलावरचे नाव, तबकडीचा क्रमांक, लेबलाजवळच्या गुळगुळीत भागावर कोरलेली अक्षरे, कोणती बाजू, कोणत्या वेगाने मुद्रण केले, कोणती सुई वापरली, सफाई केली की नाही, गीतकार व संगीतकार कोण आणि त्यांच्या मृत्यूचे साल. शेवटच्या ओळीत ती तबकडी ज्यांच्या घरी सापडली त्यांनी तिच्याविषयी काय सांगितले, ते त्यांच्याच शब्दांत लिहावे. ते कोठेही छापलेले नाही, आणि ते सांगणारा माणूस गेल्यावर कोणत्याही संगणकाला ते परत मिळवता येणार नाही.